छापखान्यातले आठ रंगीत दोरे

गल्लीत बोलवा होती, की छापखानेवाल्यावर त्याच्या बायकोनेच करणी केली. भर दुपारी शटर ओढून, रंगीत दोरे वळून. इस्त्रीवालीने शटरला कान लावून ऐकलं होतं, "हिरवी सहावी. तपकिरी शेवटची." या दोघी कोण, असं कुणी विचारलं तर ती नुसती मान हलवायची. त्या दिवसापासून नवऱ्याची गोगलगाय झाली म्हणे.

तर त्या दिवशी कॉलेजच्या अंकाची दोनशे पानं जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात होती आणि कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. चारपर्यंत अंक छपाईला लागला नाही, तर कॉलेज कायमचं समोरच्या प्रेसकडे जाणार होतं. पेन ड्राइव्हची भोकं मेलेली, नेटच्या वायरीचं तेवढं जिवंत. दुकानात वायरीचं भेंडोळं होतं, टोकाचे प्लग होते, ते दाबायचा चिमटा होता. जुन्याला थेट नव्या कॉम्प्युटरशी जोडायचं, तर एका टोकाला हिरव्या आणि नारंगी तारांची अदलाबदल करावी लागते. आठ तारा, क्रम कागदावर लिहिलेला. तीनदा वायर केली. तीनदा दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळख देईनात.

बायकोशी नऊ दिवस अबोला. नुकतंच छापलेलं चित्र बघून तिने गिऱ्हाइकादेखत विचारलं होतं, "अहो, झाडाची पानं तपकिरी का?" "पानगळ आहे ती," म्हणून त्याने वेळ मारून नेली, आणि तिला छापखान्याची बंदी केली.

तीन वाजता त्याने मागच्या दाराने तिला बोलावलं आणि पुढचं शटर ओढलं.

"अगं, या तारा जरा बघतेस?"

"मला बंदी आहे ना?"

"उठवली."

"आजच्यापुरती?"

त्याने घड्याळ बघितलं. "कायमची. आता सांग."

"हिरवी सहावी. तपकिरी शेवटची. तुम्ही तिन्ही वेळा उलट्याच लावल्यात, कमाल आहे बाई तुमची!"

चिमटा कचकन मिटला. नव्या पडद्यावर जुन्याचं नाव उमटलं. दोनशेवं पान आलं आणि जुना विझला, तो विझलाच.

अंक वेळेवर लागला. हल्ली तो प्रत्येक रंग बायकोला विचारून छापतो, आणि गल्ली त्यालाच करणी म्हणते. तोही खुलासा करत नाही. खरं एवढंच, की त्याला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून.