कच्चं पाणी

शिरपूरजवळच्या आमच्या गावी सासऱ्यांनी अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं. तोवर गावात सिमेंट कोणी पाहिलं नव्हतं. नागपूरला एका बंगल्यात त्यांनी लाल मासे पाहिले होते, तसे आठ मासे ते मडक्यातून घेऊन आले. सांभाळायला माझ्याकडे दिले. मी टाकं घासून धुतलं, विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि मासे सोडले. पाचव्या दिवशी आठही उलटे होऊन तरंगत होते.

विहिरीवर बायका जमल्या होत्या. मोठ्या जाऊबाई त्यांच्यात उभ्या राहून म्हणाल्या, "इच्या हातात काईच जगत नाई."

माझी चार महिन्यांची पोर आदल्या वर्षी गेली होती. विहिरीवरच्या सगळ्या बायकांना ते माहीत होतं. मी घागर भरली आणि घरी आले. त्या दिवसापासून त्या बाईला कसं दुखवता येईल, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पुढे मी माहेरी मंगरूळला गेले. आमच्या शेजारी एक म्हातारे अत्तरवाले चाचा राहत. त्यांच्या हौदात मासे वर्षानुवर्षं जगत. त्यांना मी कारण विचारलं.

"नवं पानी कच्चं रायते, बेटी," ते म्हणाले. "सिमेटचा चुना सुटते. पहिले टाकं भर, चार-आठ दिवसांनं ओतून टाक, परत भर. असं तीन-चारदा कर. मंग जुन्या तळ्याची ओंजळभर माती न् थोडं शेवाळ टाक. मासे सोतःच्याच घाणीनं मरतात. ते घाण पचवनारं जे काय असते, ते जुन्या मातीत असते. आधी ओढ्यातले दोन बारके मासे सोड. ते महिनाभर जगले, का मंग तुये लाल आन."

मी ऐकत होते, पण ओंजळभर या शब्दाशी माझं मन अडलं.

जाऊबाई स्वच्छतेच्या वेड्या होत्या. दिवसातून तीनदा ओटा पुसत. टाकं नेमकं त्यांच्या खोलीच्या दारासमोर होतं. परत आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं की मासे जगवायचे असतील तर तळ्याची सात टोपल्या माती लागेल, आणि पाणी हिरवं झालं तरी दीड महिना त्याला कोणी हात लावायचा नाही. सासूबाईंनी ते सासऱ्यांच्या कानावर घातलं. ते ओसरीवरून म्हणाले, "मोठीले मदतीले घे."

चुना निघून जाईपर्यंत मीच पाणी बदललं. मग जाऊबाईंनी तळ्यावरून सात टोपल्या काळा गाळ डोक्यावरून वाहून आणला. पाणी त्यांच्या मानेवरून पाठीवर गळत होतं. तळ्याची वाट विहिरीवरूनच होती; तीच विहीर, त्याच बायका. मी उंबऱ्यात बसून गहू निवडत होते. पाचव्या टोपलीला त्या भिंतीला टेकल्या. मी म्हटलं, "अजून दोन."

तो सगळा गाळ मी टाक्यात ओतला. पाणी हिरवं झालं, वास सुटला. जाऊबाई नाकाला पदर लावून जेवत. एकदा झाडू घेऊन त्या टाक्याकडे गेल्या, तेव्हा सासरे नुसते खाकरले. त्या माघारी फिरल्या. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

ओढ्यातले बारके मासे जगले. गाळ तळाशी बसला, पाणी निवळलं. सासऱ्यांनी नागपूरहून सहा लाल मासे आणले, तेही जगले. महिना उलटला तेव्हा जाऊबाई टाक्यापाशी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"सात टोपल्या लागत होत्या काय?"

"नाई. ओंजळभर पुरली असती."

हे वाक्य मी कितीतरी दिवस तयार ठेवलं होतं. त्यांचा चेहरा कसा पडेल, ते मनात पाहूनही झालं होतं.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "माया बापाच्या शेतातल्या हौदात मासे होते."

"मंग कायले वाहून आनल्या?"

"विहिरीवर बोलली होती ना मी."

आणि त्या ओटा पुसायला निघून गेल्या.

लोकांना वाटेल, तिथे माझा राग विरला असेल. विरला नाही. त्यांनी सात टोपल्या आपणहून वाहिल्या होत्या, म्हणजे माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. पुढे अकरा वर्षं आम्ही एकाच चुलीवर रांधलं. त्यांनी माफी शब्दांत मागितली नाही, आणि मागितली असती तरी मी दिली नसती.