सुतकातला आवाज

कौतुक करणाऱ्या माणसावर मी सहसा शंका घेत नसे. टीका करणाऱ्यावर मात्र लगेच घ्यायचे. याला यातलं काय कळतं, असं मनात येऊनच जायचं. गेल्या नवरात्रात आमच्या गावी, देवीच्या मंडपात मी माझ्या यंत्रांवर संगीत वाजवलं, आणि तेव्हापासून हे पार उलटं झालं आहे.

मी पुण्यात एका स्टुडिओत काम करते. मालिकांमधले संवाद साफ करायचे, मागचा पंख्याचा, गाड्यांचा आवाज काढून टाकायचा. ते पोटापुरतं. बाकी वेळात लॅपटॉप, बोटांनी वाजवायचं एक चौकोनी यंत्र आणि छोटा कीबोर्ड घेऊन मी प्रत्यक्ष लोकांसमोर इलेक्ट्रॉनिक संगीत करते. पुण्यात तीस-चाळीस माणसं डोळे मिटून ऐकतात, नंतर कॉफी पीत अवघड शब्दांत स्तुती करतात. आमचं गाव विदर्भातल्या मालेगावपासून जवळ, वाशीमच्या रस्त्याला फुटून आत. तिथं माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं की आई सांगते, "थे पेटीतून आवाज काढते." याहून नेमकं वर्णन मलाही जमलेलं नाही.

आई गावातल्या बायांच्या भजनी मंडळात आहे. एक बाई पुढं म्हणते आणि बाकीच्या झील धरतात, म्हणजे तीच ओळ मागून एका सुरात म्हणतात. आईनं जन्मभर झीलच धरली. शेजारच्या काकूही झील धरणाऱ्यांतल्याच, पण त्यांचा आवाज असा की दहाजणींच्या वर उभा राहतो. त्यांना पुढं बसून म्हणायला सांगितलं की त्या आईच्या मागं सरकतात. या वेळी अष्टमीच्या संध्याकाळी मंडळानं माझ्याबरोबर गायचं, असं बायांनीच ठरवलं. मला इतका आनंद झाला की मी घट बसायच्या आधीच रजा टाकून गावी आले.

आल्या आल्या मी बायांचं रेकॉर्डिंग केलं. आमच्या मधल्या खोलीत, दाराला गाद्या लावून, पंखा बंद करून. बाया घामाघूम झाल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. काकू तोंडावर पदर धरून गात होत्या, तो मी हातानं बाजूला केला. त्या दिवशी सगळ्यांचे गळे मोकळे होते. हे रेकॉर्डिंग फक्त माझ्या सरावासाठी आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं आणि तेव्हा ते खरंही होतं.

मग दोन गोष्टी झाल्या. एक, सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला, आलं आणि बाया दिवस उजाडताच शेतात जायला लागल्या. दुसरी, तिसऱ्या माळेला काकूंचे धाकटे दीर छातीत कळ येऊन गेले. घर एकत्र. काकू, काका, त्या दिरांची बायको म्हणजे काकूंच्या जाऊबाई, मुलं, सगळे एकाच छपराखाली. घरात सुतक आणि कोपऱ्यात आधीच बसलेला घट. सुतकातल्या माणसानं देवाला हात लावायचा नाही, मग घटाला माळ कोण घालणार? आईनं ते आपल्याकडे घेतलं. रोज सकाळी आंघोळ करून ती त्यांच्या घरी जायची, माळ बांधायची, दिवा सारखा करायची. एकदोनदा फुलांची परडी धरून मीही गेले. म्हणजे सुतक काय असतं हे पुण्याच्या पाण्यानं मी विसरले होते, असं म्हणायची सोय नाही.

काकू अष्टमीला गाणार नाहीत, हे कोणी कोणाला सांगितलंही नाही. सांगायची गरज नव्हती.

बाकीच्या बाया सरावाला आल्या त्या शेतातून थेट. केसांत भुसा, घशात धूळ, हातांना शेंगांचे ओरखडे. एकीला खोकला आवरत नव्हता. झील दर वेळी ठोक्याच्या मागं पडायची. खंजिरी वाजवणारा माणूस असता तर थोडा थांबून त्यानं बायांना बरोबर घेतलं असतं. माझं यंत्र कोणासाठी थांबत नाही आणि त्या दिवसांत मीही थांबत नव्हते. दोनदा मी बायांवर खेकसले. त्यांनी ऐकून घेतलं, कारण पोरगी पुण्याहून आली होती.

अष्टमीच्या दुपारी मंडपात आवाज लावून पाहिला. बायांच्या पुढ्यातले दोन्ही माईक शिट्ट्या मारायला लागले. मी बटण फिरवून ते दोन्ही बंद केले आणि मधल्या खोलीतलं रेकॉर्डिंग त्या जागी आणून ठेवलं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात वर काकूंचा आवाज होता. मीच तो आणखी पुढं आणला होता, कारण सगळी रचना त्या आवाजावर टांगली होती. काकू सुतकात आहेत हे मला माहीत होतं आणि त्यांचा आवाज माझ्याजवळ आहे हेही माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. माझ्या लेखी ती एक फाइल होती.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. माझ्या पेटीतून मळणीयंत्राची घरघर खाली, त्यावर खंजिरीचे ठोके आणि वरून झील. बाया माझ्या बाजूला सतरंजीवर बसून जीव तोडून गात होत्या. आईच्या गळ्याच्या शिरा मला दिसत होत्या. भोंगे लोकांकडे तोंड करून, आम्ही त्यांच्या मागं, त्यामुळं बायांना आपलाच आवाज तेवढा ऐकू येत होता. माझ्या कानांवर हेडफोन होते.

लोकांनी डोक्यावर घेतलं. पोरांनी मोबाइल वर धरून व्हिडिओ काढले. एका गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. बाया तर हवेत होत्या. मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी मला कुशीत घेऊन म्हणत राहिल्या की आमचा आवाज असा कधी आलाच नव्हता. मी त्यांच्या पाया पडले. टीकाही झाली. एक आजोबा म्हणाले की देवीसमोर डीजे शोभत नाही. आमच्या चुलत मामांचं म्हणणं, पोरगी सगळा वेळ मान खाली घालून बसली, जशी बँकेत कामाला लागली. मी मोठ्यानं हसले. असल्या टीकेला पुरून उरायला मी तयारच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर काकूंच्या घरी माळ घेऊन गेले. आई आत जाऊन घटासमोर बसली. काकू दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, कार्यक्रम कसा झाला ते विचारतील. त्यांनी विचारलं ते असं:

"काल मी गायली का, पोरी?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या मागं गोठ्यात म्हशीची धार काढत होत्या. जाऊबाई आत अंथरुणावर पडून होत्या. भोंग्यावरून काकूंचा आवाज घरात आला. नवऱ्याला जाऊन आठवडा झाला नव्हता, आणि आपली थोरली जाऊ मंडपात देवीसमोर टिपेला गाते आहे, हे त्या बाईनं भिंतीकडे तोंड करून ऐकलं. काकू दुधाची बादली घेऊन आत आल्या तेव्हा गाणं नुकतंच थांबलं होतं. जाऊबाई एवढंच म्हणाल्या की झालं का गाणं. त्यानंतर त्यांनी काकूंच्या हातचा चहासुद्धा घेतला नव्हता. आणि सकाळी हापशीवर, मंडपात न येता घरूनच ऐकलेल्या दोघी बोलून गेल्या होत्या की दीराची राख निवली नाही अन् हिले गाण्याचा सोस. काकूंनी ऐकावं इतक्या मोठ्यानं.

"मी तं गोठ्यात होती," काकू म्हणाल्या. "मंग मी कशी गायली? मलेच भेव वाटून राह्यलं."

मी सांगितलं. गाद्या लावलेली खोली, ते रेकॉर्डिंग, सगळं. बोलता बोलता माझा आवाज लहान होत गेला. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला आत जाऊबाईंसमोर नेऊन उभं केलं. हे हिलेबी सांग, म्हणाल्या.

जाऊबाईंना सांगून पटेना. रेकॉर्डिंग म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं, घरात दोन मोबाइल होते. पण बाजूला बाया गात असताना मी जुनं कशाला लावीन, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं. शेवटी मी माझा फोन काढला. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओठ गच्च मिटले. मी लावलं. काकूंचा आवाज खोलीत आला, देवीचं नाव घेत, पदर बाजूला केल्यानंतरचा मोकळा आवाज. आणि काकू तोंड मिटून, डोळे मिटून, शिक्षा झालेल्या पोरीसारख्या उभ्या. जाऊबाई एकदा फोनकडे बघत होत्या, एकदा त्या मिटलेल्या ओठांकडे. सुतकाच्या घरात मी तो आवाज दुसऱ्यांदा आणला होता, हे मला तेव्हा कळलं. बंद करायचं बटण लवकर सापडेना.

"तू नोती गेली," जाऊबाई काकूंना म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन माह्या कानात तं तुहाच आवाज हाये. तो आता कसा काढू?"

काकू चुलीकडे गेल्या आणि त्यांनी चहा टाकला. तो जाऊबाईंनी घेतला.

मी आईला विसरले होते. ती त्याच खोलीच्या कोपऱ्यात घटासमोर आमच्याकडे पाठ करून बसली होती. माळेचा दोरा बांधायचा तिचा हात थांबला होता.

"मंग आमचे माईक?" तिनं विचारलं.

"बंद होते."

मी घाईघाईनं बोलत सुटले. आवाज तुमचेच होते, फक्त आधीचे होते, तुम्ही दमला होतात, लोकांना चांगलं ऐकायला मिळावं म्हणून. आईनं दोऱ्याची गाठ मारली, वात पुढं सारली.

"देवीनं आयकलं असन," ती म्हणाली. "तुनं नाही आयकलं."

निघताना काकूंनी मला दारात थांबवलं. बाकीच्या बायाइले हे सांगू नको, म्हणाल्या. दिवसभर वावरात वाकून त्या तिथं गायला बसल्या होत्या, त्यांचं मन कशाला मोडायचं. जाऊ समजली, बस झालं. लोकं बोलतील चार दिवस अन् गप्प बसतील. मी म्हणाले की असं कसं, लोक तुम्हाला नावं ठेवतात आणि मी गप्प बसू? पण ते मी एकदाच म्हणाले, आणि फार जोर लावून म्हणाले नाही. काकूंच्या अंगावरचा बोल पुसायचा तर मंडपातली सगळी वाहवा मला परत करावी लागली असती. काकूंनी स्वतःच नको म्हटलं, हे माझ्या सोयीचं झालं. इतक्या सहज मी ते स्वीकारलं याची मला लाज वाटते. त्या दुपारी आमच्या ओसरीवर बाया जमल्या, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले आणि हा माहा आवाज, तो तुहा, असं चाललं. एकीला उंच आवाज काकूंसारखा वाटला, तर दुसरी म्हणाली की त्या तं घरीच होत्या, तो माहाच. आई सगळ्यांना चहा देत होती. तिला कोणी विचारलं की तुहा कोनता, तर तिनं म्हटलं की मले नाही ओळखू येत.

पुण्यात आल्यावर मी लॅपटॉपवरून ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. त्यानं काय होणार? पोरांनी काढलेले व्हिडिओ रिसोडपासून कारंज्यापर्यंत कोणाकोणाच्या फोनवर गेले होते. अजून मला अनोळखी लोकांचे निरोप येतात, आणि त्यातले निम्मे तरी विचारतात की तो उंच आवाज कोणत्या बाईंचा. मी उत्तर देत नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी आईचा फोन आला. सुतक केव्हाच फिटलं होतं, काकू मंडळात परत यायला लागल्या होत्या. मी आनंदानं विचारलं की मग आता झील चांगली चढत असेल. आई म्हणाली की काकू येतात, माझ्याच बाजूला बसतात, टाळ्याही धरतात. पण गात नाहीत, नुसते ओठ हलवतात. शेजारी बसल्यामुळं हे तिला एकटीलाच कळतं. तिनं एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, घर जवळ आहे, आवाज तिथवर जातो.

आईनं मग सोयाबीनचा भाव सांगितला, आमची म्हैस व्यायल्याचं सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुह्या कार्यक्रमाचं लोकं अजूनबी नाव काढतात, बरं का."