पैकीच्या पैकी

इस्पितळात सगळे तिला 'तोफ' म्हणायचे, तेही पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? ऐन उमेदीची वर्षं तिने तळघरातल्या धुलाईखान्यात काढली, ऑपरेशनच्या हिरव्या चादरी उकळत आणि इस्त्री करत. या चादरी जिथे जातात तिथे आपणही उभं राहायचं, भुलीच्या मशीनवर डॉक्टरांना हात द्यायचा, असं तिच्या मनाने घेतलं. तिच्या मनाने घेतलं म्हणजे घेतलंच. चाळिशीत तिने विद्यापीठात भूल-तंत्रज्ञाच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातली पोरं तिला मावशी म्हणू लागली.

माहितीपत्रकात ठळक छापलं होतं, शेवटचं वर्ष थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. शेवटचं वर्ष उजाडलं, आणि पोरांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर ऑपरेशनं दाखवायला लागले! अहो, काठावर बसून कुणाला पोहता आलंय का? तोफ तडक कुलसचिवांच्या खोलीत घुसली. त्यांनी प्रवेश-अर्जाच्या मागची बारीक ओळ दाखवली: विद्यापीठ अभ्यासक्रमात केव्हाही बदल करू शकेल. खाली तिची सही.

"म्हणजे सही केली की तुम्ही मोकळे?" ती कडाडली. "उद्या शिकवणंच बंद कराल, तोही बदलच म्हणायचा!"

तिने ग्राहक न्यायालयात तक्रार ठोकली. विद्यापीठाने लगेच फळ्यावर सूचना लावली: प्रात्यक्षिकात सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क. पोरं नाचायला लागली. सारखा केसांतून कंगवा फिरवणारा एक मुलगा होता, त्याला सगळे हिरो म्हणत. तो तिची समजूत घालायला आला.

"मावशी, वाढलेलं ताट आहे. लाथ कशाला मारता? घ्या ना तक्रार मागे."

"मेल्या, पेशंटच्या नाकाला मार्क लावणार आहेस का?"

हिरोला नोकरी लागलीसुद्धा. तोफ मात्र एकटी न्यायालयाच्या बाकावर बसत राहिली. विद्यापीठाचा वकील म्हणाला, विद्यार्थी हा ग्राहकच नव्हे, विद्या ही काही विकत घ्यायची वस्तू नाही. असा संताप आला तिला! फी घेताना दुकान, आणि जाब विचारला की ज्ञानमंदिर? निकाल तिच्या बाजूने लागला. माहितीपत्रकात दिलेला शब्द हा कराराचाच भाग, आणि वाटेल ते बदलण्याची एकतर्फी अट अन्यायाची. तक्रारदाराला थिएटरमध्ये शिकवा. तक्रारदार एकटी, म्हणून शिकवणंही एकटीलाच. बाकीच्यांना मार्क पुरले होते.

पहिल्याच आठवड्यात तिने मशीनची नळी भलत्याच ठिकाणी जोडली. पाठीमागे उभ्या असलेल्या सिस्टरने झटकन हात धरला, म्हणून निभावलं. रात्री तोफेला जेवण गेलं नाही.

मग तिच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, दुसऱ्या एका इस्पितळात. स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी आलं. दार उघडून तिला आत न्यायला आला तो हिरो! हिरवा झगा, गळ्यात ओळखपत्र, केस टोपीत.

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू? माझ्या आईचं मशीन तू बघणार?"

हिरोने मागे वळून पाहिलं. मग जवळ येऊन कुजबुजला, "ओरडू नका ना, मावशी. काय तपासायचं ते मला कुणी दाखवलंच नाही हो. इथे सगळ्यांना वाटतं, मी शिकूनच आलोय. डॉक्टर घाईत असतात. मशीन तयार आहे ना, एवढंच विचारतात."

"आणि तू?"

"मी हो म्हणतो."

तिचा हात उठला होता. पण पोराचे ओठ थरथरत होते. तिने तोच हात खाली आणून स्ट्रेचरचा दांडा आवळला.

"मग आज नाही म्हण," ती म्हणाली. "आत जा आणि सगळ्यांसमोर नाही म्हण. तोवर माझी आई इथून हलणार नाही."