कलघटगीच्या बसमधली बाई

देवीवरची माझी श्रद्धा एका सकाळी हुबळीतल्या गिरणीच्या फाटकासमोर गळून पडली. आम्ही नवराबायको दोघंही त्याच कापड गिरणीत होतो. हे मागावर, मी सुताच्या खात्यात, तुटलेल्या धाग्यांना गाठी मारायला. पहिल्या पाळीला गेलो तर फाटकाला कुलूप आणि वर डकवलेला कागद. कुणीतरी तो मोठ्यानं वाचला. गिरणी कायमची बंद झाली होती. मला हसू फुटलं. माझी डबी आतच राहिली आहे, ती घेऊन येते, असं मी पहारेकऱ्याला सांगत राहिले. यांनी मला दंडाला धरून घरी आणलं.

कमरीपेठेतल्या आमच्या खोलीत मग हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढं ताट ठेवलं तर नुसते बघत राहायचे. माझे हात मात्र थांबेनात. चिमटीत धागा नसतानाही बोटं गाठ मारत राहायची. देवीपुढं दिवा लावणं मी सोडून दिलं. तिच्याशी भांडावं, एवढंही बळ नव्हतं.

एका दुपारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि कशी कोण जाणे, स्टँडवर उभ्या असलेल्या एका बसमध्ये जाऊन बसले. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं. मला बोलताच येईना. तो चिडला. तेव्हा शेजारची गाठोडंवाली बाई कानडीत म्हणाली, "माझ्याबरोबर आहे ती. दोन कलघटगी दे." तिला मी कधी पाहिलं नव्हतं. वाटेत तिनं मला काहीसुद्धा विचारलं नाही.

कलघटगीला उतरल्यावर ती मला द्यामव्वाच्या देवळात घेऊन गेली. द्यामव्वा ही गावदेवी. अंगणात चार बायका जुन्या लुगड्यांची कौदी शिवत बसल्या होत्या. आपण वाकळ म्हणतो तीच. "बा अक्का, कुंद्रु," ये, बस, म्हणत तिनं माझ्या हातात सुई दिली. मी टाके घालू लागले. रिकामी फिरणारी बोटं पहिल्यांदाच शांत झाली, आणि गिरणी बंद झाल्यापासून न आलेलं रडू कोसळलं. कुणी समजूत काढली नाही. एकीनं फक्त कापड माझ्याकडे थोडं सरकवलं.

परतीच्या बसमध्येही त्या बाईनंच बसवून दिलं. हुबळीला उतरले तर हे स्टँडवर, अनवाणी, प्रत्येक बसमध्ये डोकावत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठले होते. मला बघून मटकन खालीच बसले. म्हणाले, "गिरणी गेली ती गेली. मला वाटलं, तूही गेलीस."

दुसऱ्या दिवशी शेजारणींची जुनी लुगडी मागून आणली. मी शिवायची, हे कापड बेतून द्यायचे. पहिल्या कौद्या वेड्यावाकड्या झाल्या. पुढं मात्र कलघटगीच्या बाजारात आमच्या कौद्यांना गिऱ्हाईक मिळू लागलं. घर चाललं.

त्या बाईला मी देवळात आणि दर बाजाराच्या दिवशी शोधत होते. मनात ठरून गेलं होतं की ती द्यामव्वाच होती, आता दिसायची नाही. आणि एके दिवशी ती आमच्यापुढं येऊन उभी राहिली, हातात मिरच्यांची पिशवी. मी तिचे पाय धरले. ती दचकून मागं सरली. सगळं सांगितलं, तरी तिला काही आठवेना. "असेल गं बाई. बसमध्ये कितीजणी भेटतात," म्हणाली. माझं आयुष्य जिनं परत दिलं, तिच्या ध्यानातही ते नव्हतं! मी कौदी देऊ केली, तर फुकट घेईना. उलट टाके ओढून बघत भाव पाडू लागली.

त्या रात्री मी देवीला मनापासून नमस्कार केला. ती बाई देवी नव्हती, मिरच्या घेणारी साधी बाई होती. देणारीला आपण काय दिलं हे ठाऊक नव्हतं, आणि घेणारीला आपण काय मागितलं हेही ठाऊक नव्हतं. तरीही मिळालं. तेव्हापासून मी देवीकडे अमुकच दे म्हणत नाही. ती बसवेल तिथं बसते.