जाळं तळाला टेकेपर्यंत

सकाळचे आठ वाजले होते आणि दामिनीचं एकही काम धड होत नव्हतं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की तीन, तेही तिला आठवेना. ओट्यावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, अर्धवट निवडून पडला होता, चहा एकदा उतू गेला होता, आणि ती दर पाच मिनिटांनी मागच्या खोलीत जाऊन उघड्या लॅपटॉपकडे बघून परत येत होती.

"काऊन वं, पायाले चाकं लागले का तुह्या?" सासूबाई, बायनाबाई, दारात बसून सुपातले तांदूळ पाखडत होत्या. "एका जागी बस, नाई तर तो सांभार तरी निवड."

"निवडते, आई," ती म्हणाली आणि पुन्हा मागच्या खोलीत गेली.

मूल या गावात सून म्हणून येऊन तिला पाच वर्षं झाली होती. ती नेमकं काय काम करते हे गल्लीत कोणालाच सांगता येत नसे. कंप्युटरचं कायतरी, एवढं पुरे व्हायचं. नागपूरची एक लहानशी कंपनी राईस मिलची यंत्रं चालवणारी पेटी बनवायची. त्या पेटीच्या आतला कर्नल, म्हणजे यंत्राला कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे क्षणात सांगणारा कारभारी, दामिनी याच खोलीत बसून लिहायची. गावाबाहेरच्या मिलमध्ये दोन महिन्यांपूर्वी बसलेली पेटी तिच्याच हातची.

परवा संध्याकाळी त्या मिलमध्ये, धान वर नेणाऱ्या पट्ट्यात, इस्तारी नावाच्या कामगाराचा खांद्यावरचा दुपट्टा अडकला. पट्ट्याच्या बाजूने धोक्याची दोरी असते. ती ओढली की पट्टा जागच्या जागी थांबायला हवा. पण तो थांबेपर्यंत दुपट्टा गेला, आणि त्याच्या मागोमाग डाव्या हाताच्या तळव्याची साल गेली. जीव वाचला हेच खूप. काल मिलचा मॅनेजर सुनिल याने विचारलं, चूक कोणाची? दामिनीने पेटीतली नोंद काढून पाठवली: दोरी एकदा ओढली, नऊ मिलिसेकंदांत पट्टा थांबला. आणि खाली आपल्या मनाने एक ओळ जोडली, दोरी उशिरा ओढली गेली असावी.

त्या ओळीवर इस्तारीला पट्ट्यावरून काढलं. आज अकरा वाजता त्याच्या जागी लच्छू नावाचा दुसरा कामगार उभा राहणार होता. रात्रीपासून ती ओळ दामिनीला दातात अडकल्यासारखी टोचत होती. का, ते मात्र कळत नव्हतं.

दारावर थाप पडली.

पन्नाशीचा, काटक, डाव्या हाताला पांढरी पट्टी बांधलेला माणूस पायरीखाली उभा होता.

"मॅडम हायेत का?"

"मॅडम कोणाले म्हणतो रे इस्तारी? माही सून हाय ते," बायनाबाई म्हणाल्या. "ये, बस. तुही देवका दोन दिवस झाले, मासोळी घेऊन नाई आली?"

"तिनं कालपासून बोलणंच बंद केलं, बायनाबाई. चूल पेटते, भात वाढते, पर बोलत नाई."

"ते म्हणत होती बाजारात, तुले डुलकी लागली म्हणून."

"तेच तं. मशीन खोटं बोलत नाई, म्हणते."

दामिनी दाराशी येऊन थांबली होती. त्यांची बायको देवका मशीन म्हणत असली तरी ती ओळ कोणाची होती, ते तिला माहीत होतं.

"इस्तारीभाऊ, आत या. दाखवते तुम्हाला." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "ही बघा नोंद. दोरी ओढली, पट्टा थांबला. मध्ये डोळ्याची पापणी लवेल एवढासुद्धा वेळ नाही."

इस्तारीभाऊ पडद्याकडे बघतच नव्हते. "मी तीनदा ओढली, बाई."

"इथे एकदाच आहे."

"तीनदा. पयल्या वेळी ओढली तं चार मोजेपर्यंत पट्टा चालूच होता."

"अंगाशी आलेलं असताना तुम्ही मोजत होता?"

"मी नाई मोजत. मोजणं होऊन जाते." त्यांनी उजवा हात उचलला. "आमी ढीवर. तलावात जाळं फेकलं का मोजाव लागते. तळाले टेकल्याबिगर वढलं तं मासोळी काठाखालून निसटते. लहानपणापासून तेच. हातात दोरी आली का तोंडात आकडा येते. मिलची असो का विहिरीची."

दामिनीने मोबाईल उचलला. "चला अंगणात. फेका जाळं."

"इथी?"

"समजा तलाव आहे."

इस्तारीभाऊंनी एका हाताने, अंग वळवून, नसलेलं जाळं फेकलं आणि पुटपुटत चार मोजले. दामिनीने मोबाईलच्या घड्याळात पाहिलं. तीन सेकंद आणि वर थोडं. पुन्हा फेकायला लावलं. पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदाही तेवढंच.

"अंगणात मासोळ्या नाईत रे बाबू," बायनाबाई म्हणाल्या, पण सूप हातातच राहिलं होतं.

दामिनी स्वयंपाकघर ते मागची खोली अशा येरझारा घालायला लागली. साडेआठ झाले होते. तीन सेकंद म्हणजे तिच्या कामात एक अख्खा जन्म. आणि तीनदा ओढलेली दोरी एकदाच कशी दिसते?

ती थबकली. दोरी ओढली की कर्नलला इंटरप्ट जातो, म्हणजे हाक जाते. ही हाक दोन टप्प्यांत घ्यायची हे तिनेच ठरवलं होतं. पहिला टप्पा अगदी छोटा: हाक ऐकली, आता काम होईपर्यंत हे दार बंद. मोटारीची वीज तोडायचं खरं काम दुसऱ्या टप्प्यात, एका थ्रेडमध्ये, म्हणजे कर्नलच्या हाताखालच्या एका कामकऱ्याकडे. त्याचं काम संपलं की दार पुन्हा उघडायचं. म्हणजे पहिल्या ओढीला दार बंद झालं, आणि दुसरी-तिसरी ओढ बंद दारावर आपटून गेली. पण नऊ मिलिसेकंदांत कोणी तीनदा दोरी ओढू शकत नाही. दार तीन सेकंद बंद होतं, तरच हे घडतं.

मग तो थ्रेड होता कुठे? तिच्या कर्नलमध्ये त्याचा मान पहिला होता. त्याच्या आधी कोणी नाही.

"काय झालं?" बायनाबाईंनी विचारलं. "तोंड उतरलं तुहं."

"आई, घरात कोणता दिवा आधी लावायचा हे आपण ठरवतो. पण डीपीवरूनच लाईन गेली तर?"

"तं अंधार. त्यात काय?"

"आणि भिंतीवरचं विजेचं घड्याळ?"

"ते बी बंद. लाईन आली का जिथी थांबलं तिथून चालू."

"त्याला कळतं का, आपण मध्ये थांबलो होतो?"

बायनाबाई हसल्या. "घड्याळाले काय कळते, माय?"

पेटीत तसंच होतं. एकाच कंप्युटरमध्ये दोन बिऱ्हाडं होती. एकात तिचा कर्नल, दुसऱ्यात पडदा आणि दिवसभराचा हिशोब छापणारा सगळा पसारा. प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा हे दोघांच्याही वर बसलेला हायपरवायझर नावाचा प्रोग्राम ठरवायचा. पडदा अडकतो अशी सुनिलची तक्रार आली, तेव्हा दामिनीने पडद्याच्या बिऱ्हाडाला वरचा मान देऊन टाकला होता. आपल्या घरात थ्रेड पहिला आहेच, मग चिंता कसली, असं तिला वाटलं. संध्याकाळी पाळी बदलताना अहवाल तयार व्हायला लागला, त्याच क्षणी दोरी ओढली गेली. हाक ऐकून झाली आणि थ्रेड उठायच्या आत प्रोसेसर दुसऱ्या बिऱ्हाडाकडे गेला. तिचा कर्नल जागच्या जागी गोठला, आणि त्याचं घड्याळही. शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या लेखी नऊ मिलिसेकंदच झाले होते. नोंद प्रामाणिक होती, पण ती झोपेतल्या घड्याळाची होती.

कळून भागत नव्हतं, दिसायला हवं होतं. टेबलाखाली चाचणीची पेटी होती, मिलमधल्या पेटीसारखीच. मोटारीच्या जागी एक लाल दिवा जोडलेला. तिने परवासारखाच अहवाल छापायला लावला, मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर रोखला आणि दोरीचं बटण इस्तारीभाऊंच्या हातात दिलं.

"ओढल्यासारखं दाबा."

त्यांनी दाबलं. दिवा जळतच राहिला. त्यांचे ओठ हलत होते. तीनला काही नाही. चारला दिवा विझला.

पेटीची नोंद म्हणाली, नऊ मिलिसेकंद. मोबाईलची चित्रफीत म्हणाली, तीन सेकंद आणि वर थोडं.

साडेनऊ वाजले. तिने सुनिलला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. तोवर ती अंगणात गेली, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"बोला मॅडम."

"सुनिलभाऊ, अकराला पट्टा सुरू करू नका. लच्छूला तिथे उभं करू नका."

"असं कसं? धानाच्या गाड्या लागल्यात. आणि तुमचीच नोंद होती ना, मशीन बरोबर म्हणून?"

"हो, माझीच. ती चुकली. मी चुकले. दोरी वेळेवर ओढली होती, पट्टा उशिरा थांबला."

मग तो म्हणाला, "आता काय करू म्हणता?"

"मिलच्या वायरमनला सांगून ठेवा. दोरीची तार पेटीतून नको, थेट मोटारीच्या लाईनीत घ्यायची. मी येते तासाभरात, ते काम झाल्यावरच पट्टा चालेल. पेटीतली दुरुस्ती मी नंतर करेन, नीट तपासून."

"बघतो."

"बघू नका, सुनिलभाऊ. आत्ता माझ्यासमोर चालकाला सांगा, मी फोनवरच आहे."

ती कान लावून उभी राहिली. पलीकडे सुनिलचा आवाज कोणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आला, पट्टा बंद ठेव रे, चावी इकडे आण. तेव्हा कुठे तिने भिंतीला टेकून श्वास सोडला.

चार ओळींचा नवा अहवाल लिहून तिने नागपूरला, कंपनी चालवणाऱ्या प्रफुलला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे, सुधारणा पाठवली एवढंच लिहू," तो म्हणाला. "कालचा अहवाल कशाला उकरायचा?"

"कारण त्यामुळे एका माणसावर ठपका आला आहे," दामिनी म्हणाली. "नवा अहवाल मी लिहिला आहे. माझी चूक पहिल्या ओळीत आहे. मिलला पाठवते आहे, तुम्हालाही येईल." आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता तिने पाठवून दिला. पाठवल्यावरही तिच्या डोक्यातली कामं थांबेनात. पडद्याचा मान काढायचा, कर्नलला स्वतःचा वेगळा प्रोसेसर द्यायचा, मोटारीची वीज तोडायचं काम पहिल्याच टप्प्यात आणायचं, आणि नोंदीला पेटीबाहेरचं घड्याळ जोडायचं. आठवडा तरी जाणार होता.

तिने लॅपटॉप पिशवीत भरला. इस्तारीभाऊ पायरीवर बसून बायनाबाईंनी दिलेला चहा पीत होते. कप उजव्या हातात, पट्टीचा हात मांडीवर.

"भाऊ, मी मिलमध्येच निघाले आहे. तुम्हाला परत पट्ट्यावर घेतल्याशिवाय उठणार नाही. हाताच्या औषधाचंही सुनिलभाऊंशी बोलते. आणखी काय सांगू तिथे?"

"तिथी कायले?" इस्तारीभाऊंनी कप खाली ठेवला. "मिलवाल्याले कळलं, झालं."

"मग?"

"तुमचा रस्ता आमच्या मोहल्ल्यावरून जाते. दोन मिनिटं थांबा. घरात यायचं बी काम नाई, दारातून सांगा. देवकाले सांगा का मी झोपलो नव्हतो."