घंटेला हात लावला तर

नारायणगावच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलायची नाही. तेवढ्या वेळात आम्ही फिरते शिक्षक चहा घेत दिवसभराचं एकमेकांना सांगायचो. अपंग मुलांसाठी शाळाशाळांतून फिरायचं, हे आमचं काम. त्या चहावर इतके किस्से साठले, की आज एक आठवला तर मागून चार येतात. हसण्याजोगे म्हणून सांगायला लागते, पण सगळेच तसे निघत नाहीत.

*

अपंग मुलांना अठरा वर्षांपर्यंत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा तेव्हा नवा होता. आमच्यातले भोर सर त्याची झेरॉक्स पिशवीतच ठेवायचे. मढ गावाकडच्या एका मुख्याध्यापकांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, नीट घडी करून परत दिली आणि म्हणाले, "कायदा लई चांगलाय, राव! पण तो दिल्लीत झालाय. आमची शाळा घाटाच्या तोंडाला हाय!"

*

दुसऱ्या एका शाळेत मात्र कायद्याच्या धाकानं रॅम्प झाला. उद्घाटनाचा नारळही फुटला. पुढं भोर सर भेटीला गेले, तर कुबड्या घेतलेला पोरगा खाली उभा आणि रॅम्पवर मुख्याध्यापकांची मोटारसायकल! "थांब बाळा," मुख्याध्यापक अगदी मायेनं म्हणाले, "आधी गाडी काढतो, मग तू ये."

*

मंगल माझ्याकडच्या मुलांतली. राजुरीच्या पुढं एका गावात पाचवीत होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिची समज वयाच्या बरीच मागं, बोलणं दोन-तीन शब्दांचं. नाद एकच, शाळेची घंटा. टांगलेला रुळाचा तुकडा दिसला, की हातोडी घ्यायची आणि ठण ठण ठण! भर गणिताच्या तासाला शाळा सुटायची. पोरं खूश, पालक बेजार.

किराणा दुकानाचे शेठ शाळा समितीवर होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्यापेक्षा अस्सल जुन्नरी बोलायचे. "मॅडम, आमचा नातू अकरालाच दुकानात हजर! गोळ्यांची बरणी उरंल का?" मग तेच गंभीर होऊन म्हणाले, "तिला दाखला द्या. तिच्याबी भल्याचं हाय."

*

दाखला म्हणजे नाव कमी करणं. पण शाळेनं काढलं असं दिसायला नको, म्हणून वडिलांनीच तो मागायचा, अशी पद्धत. मुख्याध्यापकांनी अर्ज लिहूनच ठेवला होता. वडील पेन घेऊन बसले. मी कायदा सांगितला.

"कायदा तुमच्याबरोबर जीपनं जाईल, मॅडम," ते म्हणाले. "आमाला गावात ऱ्हायचंय."

खरंच होतं ते.

तेवढ्यात दारातून मंगलची आई म्हणाली, "करा सही. मी उद्या पुन्यांदा नाव घालाया येते. परवाबी येते!"

पेन खाली ठेवलं गेलं. निर्णय समितीच्या बैठकीवर गेला.

*

तोवर बंदोबस्त म्हणून हातोडी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद झाली. वर हुकूम निघाला, घंटा झाल्याशिवाय कुणी दप्तर उचलायचं नाही. मंगलला वेगळं बजावलं, "घंटेला हात लावलास तर दाखला देईन!"

बैठकीच्या दिवशी मुख्याध्यापक कामासाठी जुन्नरला गेले, किल्ली खिशात घेऊन! शाळा सुटायची वेळ टळून गेली. समितीची मंडळी आणि मी ओट्यावर त्यांची वाट बघतोय आणि पोरं वर्गात तशीच बसलेली. शेठ ओरडले, "सुटली शाळा, पळा!"

त्यांचा नातू खिडकीतून म्हणाला, "आजोबा, घंटा नाय झाली!" वर्गावरचे नवे गुरुजीही हलेनात. हुकूम तो हुकूम!

शेठ तणतणत दुकानात गेले आणि किलोचं वजन घेऊन आले. मंगल पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"घे गं मंगल, वाजव!"

तिनं मान हलवली. "घंटा नको," ती म्हणाली. "दाखला देत्यात."

शेठनी तिला उठवून घंटेपाशी नेलं. मग त्यांनी वजन तिच्या हातात दिलं, वरून आपला हात धरला आणि ठण ठण ठण!

पोरांच्या लोंढ्यातून वाट काढत मुख्याध्यापक आले. "कुणी वाजवली?"

"मी," शेठ म्हणाले. "काढा माझा दाखला!"