शनिवारचं रजिस्टर

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पोलादपूरहून एसटीने महाडला यायचे. स्टँडमागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. तिथे बसून मी ब्लॉग लिहायचे, निनावी. मी सरकारी शाळेतली शिक्षिका. नाव घातलं असतं तर नोकरीवर आलं असतं.

सुरुवात डोंगरातल्या एका वाडीवरच्या बाईमुळे झाली. दाखल्यासाठी आमच्या शाळेत आली होती. म्हणाली, "बाय, आमच्या शाळेत कागदावर दोन मास्तर हायत. वर्गात येक पन नाय." मी ते लिहिलं. मग अशा आणखी शाळांबद्दल लिहीत गेले.

कॅफेवाला माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. पोलिसांनी सांगितलं म्हणून त्याने कॉम्प्युटरांमधले पडदे काढले होते आणि रजिस्टर ठेवलं होतं. मी ओळखपत्र दाखवलं की तो मान खाली घालून नाव, पत्ता, वेळ लिहायचा.

शिक्षकांच्या एका बैठकीत चहा पिताना आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख माझ्याकडे न बघता म्हणाले, "हल्ली इंटरनेटवर शाळांबद्दल बरंच लिहून येतं म्हणे." पुढच्या शनिवारी माझा ब्लॉग उघडेना. नुसतं पांढरं पान. मागे वळून पाहिलं तर साध्या कपड्यांतला एक माणूस रजिस्टर चाळत होता आणि कॅफेवाला त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होता. यानेच माझं नाव दिलं, अशी माझी खात्री झाली. मी तिथे जाणं सोडलं. तो बाजारात दिसला, ओळखीचं हसला, तर मी तोंड फिरवलं.

काही दिवसांनी पेपरात वाचलं. सरकारने मोजकीच पानं बंद करायला सांगितली होती, इंटरनेट कंपन्यांनी सरसकट सगळे ब्लॉग बंद केले होते. माझा ब्लॉग त्या मोजक्या पानांत नव्हता, बाकीच्यांबरोबर तोही बंद पडला होता.

मी कॅफेत गेले. "तो माणूस कोण होता?"

"पोलीस. शनिवारी दुपारी कोण बसतं, विचारत होता."

"मग तुम्ही माझं नाव सांगितलंत?"

त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. प्रत्येक शनिवारी, माझ्या वेळेसमोर, त्याचं स्वतःचं नाव होतं.

"तुम्ही काय लिहिता ते मी वाचलं होतं," तो म्हणाला. "त्यांनी चौकीवर बोलावलं. स्वतःच्याच कॅफेत तू गिऱ्हाईक कसा, म्हणून दुपारभर बसवून ठेवलं."

"मला सांगायचंत तरी."

"बाजारात सांगणार होतो, बाई."

मला मान वर करवेना. पेन मागून घेतलं आणि त्या दिवसाच्या ओळीत माझं नाव मीच लिहिलं. त्याने अडवलं नाही.

केंद्रप्रमुखांच्या कानावर कोणी घातलं, ते कधीच कळलं नाही. ब्लॉग परत उघडू लागले, तशी मी पुन्हा लिहू लागले. पण अजूनही शेजारच्या खुर्चीत कोणी येऊन बसलं की माझी बोटं थांबतात.